उबेतली बॅटरी

तुर्सुनाय लग्न होऊन कुळात आली त्याला कितीतरी वर्षं झाली, पण ती खरी कशी होती असं कुणी विचारलं असतं, तर ओस्मोनकुल म्हाताऱ्याला धड सांगता आलं नसतं. कुळातल्या थोरल्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, म्हणून ती त्याला ‘थोरले’ म्हणायची. तो तिला ‘केलिन’, म्हणजे सूनबाई. दर उन्हाळ्यात डोंगरातल्या कुरणावर दोघांचे तंबू शेजारी लागत. नवरा गेल्यापासून ती एकटीच येई.

यंदा तिची लेक मॉस्कोत बाळंत व्हायची होती. फोन बंद पडून चालणार नव्हतं. म्हणून नारिन शहराच्या बाजारात सोलर घ्यायला ती त्याला सोबत घेऊन गेली.

दुकानदारानं बॅटरीत वीज मोजून सोडणाऱ्या डब्या, म्हणजे दोन चार्ज कंट्रोलर, पुढे ठेवले. एकातून बारीक वायर निघालेली, टोकाला मण्याएवढं काहीतरी.

“हे टोक बॅटरीला चिकटवायचं. ती गार की गरम ते बघून हा वीज सोडतो, गार असली तर जास्त, गरम असली तर कमी. हा दुसरा जिथं असतो तिथलीच थंडी मोजतो. बॅटरी त्याच्या शेजारी राहणार असेल तरच न्या.”

“आमची वासरं लगाम चघळतात, ही शेवई ठेवतील?” तुर्सुनाय म्हणाली.

“घोडा घेताना दात बघतेस, आणि इथं शेपटीवरून नापास?” ओस्मोनकुल हसला.

“शेपूट तुटलं तरी घोडा चालतो, थोरले. हे चालेल का?”

तिनं बिनवायरचा घेतला. पॅनेल बाहेर खांबावर, त्याखाली कंट्रोलर, खाली बॅटरी. सगळं ठीक चाललं होतं.

ऑगस्ट सरता सरता बर्फ पडलं. गारठ्यानं बॅटरी मरते हे कुरणावर सगळ्यांना ठाऊक. अवेळी जन्मलेलं कोकरू आत घ्यावं तशी तिनं बॅटरी आत घेतली, वायरी लांबवल्या, चुलीशेजारी लोकरीच्या नमद्यात गुंडाळून ठेवली. कंट्रोलर बाहेरच राहिला. ऊन लख्ख होतं, पण वारा झोंबत होता, म्हणून छताचा झरोकाही तिनं झाकून घेतला.

संध्याकाळी ओस्मोनकुल घोडे घेऊन परतला, तर तिच्या तंबूत फोन वाजत होता. वाजून थांबे, पुन्हा वाजे. त्यानं दार लोटलं आणि वासानं मागे सरला. तोंडावर बाही धरून आत गेला. तुर्सुनाय कुशीवर निजलेली. हात लावला, तर गार.

फोन पुन्हा वाजला. त्यानं का उचलला, त्यालाच कळलं नाही.

“आई, मुलगी झाली!”

तो फोन तसाच हातात घेऊन बाहेर बर्फात आला.

मग गावातला वायरमन आला. बाहेरच्या डबीला वाटत होतं बॅटरी गारठलीय, म्हणून डबी वीज ओतत राहिली. आत उबेतली बॅटरी उकळली, तिनं विषारी वायू सोडला, असं त्यानं सांगितलं.  लांडगा, दरड, बिथरलेला घोडा, यातल्या कशानंही ती गेली असती तर ओस्मोनकुलनं मानलं असतं. पण उबेला ठेवलेली वस्तू?

त्या दुपारी घोड्यांकडे निघताना तो तिच्या दारात डोकावला होता.

“कसला गं वास, केलिन? अंडी सडलीत का?”

“कातडं भिजत घातलंय, थोरले. वास येणारच. जाताना तेवढं दार नीट लावून घ्या, गार येतंय.”