स्वागतगीतातली मोकळी जागा

माझ्या अकोल्यातल्या क्लासला पोरं सोडायला येणारे आईबाप आधी पेटीकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारतात, "मॅडम, बारावीनंतर म्युझिक घेतलं तर पुढं काय?" पूर्वी मी या प्रश्नावर अशी भडकायची की विचारणारा पुन्हा फिरकायचा नाही. आता शांतपणे सांगते. बी.ए.ला तीन विषयांतला एक म्हणून संगीत घेता येतं. संगीताचीच पूर्ण पदवी हवी तर मोठ्या शहरात जावं लागतं, तिथल्या राहण्याखाण्याचं आधी बघा. दुसरं काही शिकता शिकता बाहेरून विशारदही होता येतं. पुढं शाळेत शिक्षक, रेडिओवर गाणं, ऑर्केस्ट्रा, नाहीतर हा असा क्लास. एवढं ऐकून ते म्हणतात, "म्हणजे पक्कं असं काही नाही." नाही हो बाप्पा, नाही पक्कं. खोटं कशाला सांगू?

आमच्या घरी हा प्रश्न काकांनी विचारला होता. आमचं गाव दर्यापूरजवळ. काळी जमीन, कापूस, आणि त्या वर्षांत पेपर उघडायची भीती वाटायची असे दिवस. काका म्हणाले, "पोरीले डी.एड.ले टाक. गाणं शिकून काय करन थे?" बाबा भाकरी खात होते. मान वर न करता म्हणाले, "डी.एड.वाले घरोघरी झाले. आपल्या घरी एक गाणारी राहू दे." संपलं. मी अमरावतीच्या कॉलेजात संगीत, मराठी आणि समाजशास्त्र घेतलं. बाबांना सारेगमच्या पुढचं काही कळत नव्हतं, तरी पोरीच्या हट्टाच्या पाठीशी ते उभे राहिले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

कॉलेजात गेल्यावर कळलं की संगीताच्या मुलींचं खरं काम स्वागतगीत! वर्गात यमन चाललेला असो की भूप, दारात शिपाई येऊन उभा राहायचा. कोणीतरी पाहुणे येणार. सोडा यमन, चला हॉलमध्ये. रक्तदान शिबिर असो, कबड्डीचे सामने असोत, नव्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन असो, आम्ही पाचजणी एकसारख्या साड्या नेसून माईकसमोर हजर. आमच्या मॅडमनी एक स्वागतगीत बसवलं होतं. त्यात दुसऱ्या ओळीत पाहुण्यांच्या नावापुरती जागा मोकळी ठेवलेली. कार्यक्रम ठरला की नाव विचारायचं आणि तिथं बसवायचं. साधारण पाच अक्षरांचं नाव झकास बसायचं. लांबलचक नाव आलं की तबलेवाला कपाळाला हात लावायचा. तीन वर्षांत मी त्या जागेत इतके पाहुणे बसवले की त्यांची गणती नाही. बाबांनी मात्र मला स्टेजवर कधी ऐकलं नाही. असे कार्यक्रम पाहुण्यांसाठी असतात, पोरीच्या बापाला कोण बोलावतं? घरी मी पहाटे रियाज करायची तेव्हा ते गोठ्यात असायचे.

पदवी झाली आणि वर्षभर मी नुसती घरी. काका येताजाता विचारत, "मंग, लागली का कुठं?" तेवढ्यात अकोल्याच्या एका शाळेतून निरोप आला. तिथं संगीत शिक्षकाची जागा निघणार होती, फक्त वरून मान्यता मिळायची होती. ती ज्यांच्या हातात होती ते साहेबच शाळेच्या स्नेहसंमेलनाला येणार होते. संस्थेचे अध्यक्ष मला म्हणाले, "तू स्वागतगीत म्हण. साहेबांनी तुझा आवाज ऐकला की मी तिथंच विषय काढतो." मला रात्रभर झोप नाही. महिन्याच्या महिन्याला पगार, हातात पर्स, शाळेत जाणारी मी! पण होईपर्यंत बोलायचं नाही, म्हणून घरी फक्त "अकोल्याला कार्यक्रम आहे" एवढंच सांगितलं आणि आदल्या दिवशीच मावशीकडे जाऊन राहिले. साहेबांचं नाव बरोब्बर पाच अक्षरी निघालं. मी मनात म्हटलं, देव पावला.

सकाळपासून पोरं मांडवात बसलेली. साहेब दर्यापूरला एक उद्घाटन उरकून येणार होते. अकरा वाजले, बारा वाजले. माईकवाले सर "पाहुणे थोड्याच वेळात" म्हणून म्हणून थकले. पहिल्या रांगेतली पोरं पेंगायला लागली, माझ्या गजऱ्यातली फुलं मान टाकायला लागली. शेवटी अध्यक्षांना कोणाचा तरी फोन आला. दर्यापूरच्या रस्त्यावर रास्ता रोको, साहेब मधूनच मागे फिरले. मग गावातल्याच एका निवृत्त गृहस्थांना घाईघाईनं धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. त्यांचं नाव दोनच अक्षरांचं! धाकट्या भावाला मोठ्याचा शर्ट घालावा तसं ते नाव मी त्या ओळीत घातलं आणि कसंबसं ताणून गायले. ते गृहस्थ बिचारे खुश झाले, दोन्ही हात जोडून बसून राहिले. जाताना अध्यक्ष म्हणाले, "बघू आता पुढच्या वर्षी." पुढच्या वर्षीचा अर्थ मला कळत होता. मावशीच्या न्हाणीघरात जाऊन मी तोंडावर पाणी मारलं आणि खूप रडले.

संध्याकाळी रस्ता मोकळा झाल्यावर जीपनं घरी आले. बाबा ओट्यावर बसलेले, आवाज पार बसलेला, पण चेहरा असा फुललेला की मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मला चप्पलही काढू न देता म्हणाले, "आज मजा आली पोरी! कापूस घेऊन नाही राहिले, खरेदी केंद्र बंद. मंग आमी भरल्या बैलबंड्याच रोडवर आडव्या लावल्या. एक मोठा सायेब आला लाल दिव्याच्या गाडीत. म्हने, मले अकोल्याले प्रोग्राम हाय. मी म्हनलं, आमचाबी प्रोग्रामच हाय, बसा. शेवटी वापस गेला!"

माझ्या तोंडाचा पट्टा जो सुटला! म्हटलं, "बाबा, तो माझ्याच प्रोग्रामला येत होता. त्याच्यासमोर गाऊन मले नोकरी लागनार होती. सारा गाव होता तिथं, तुमालेच पुढं व्हायचं होतं का?" आई आतून धावत बाहेर आली. बाबांचा चेहरा उतरला.

"मले सांगतलं काहून नाही?" ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर सोडलं असतं का त्याले?"

बाबांनी खरोखर विचार केला. त्यांना खोटं बोलता येत नसे, हीच तर पंचाईत होती. म्हणाले, "नसतं सोडलं." आणि मग, "पन तुले तिथं बोलावून घेतलं असतं. म्हनलं असतं, सायेब, गाडीतून उतरा, बंडीवर बसा, आन माह्या पोरीचं गाणं आयका. नोकरी द्या, नाहीतर नका देऊ. पन आयका."

राग कुठं गेला कोण जाणे. मला हसू आलं, हसता हसता पुन्हा डोळे भरले. बाबा म्हणाले, "म्हन बरं, कोनतं गाणं होतं थे?"

"आता? इथं?"

"मंग कुठं? मी काय पाहुना नाही?"

पेटी नाही, तबला नाही. ओट्याच्या खांबाला टेकून मी सुरुवात केली. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ आली, ती मोकळी जागा आली, आणि काही ठरवायच्या आधीच माझ्या तोंडून तिथं बाबांचं नाव निघालं. पाच अक्षरं, पुढं राव लावून. काही ताणावं लागलं नाही. तीन वर्षं त्या जागेवर मी अख्खा जिल्हा बसवला होता, आणि हे नाव तिथं कधी म्हणूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

बाबा दचकले. मग त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडून खांद्यावर नीट घेतला, पाठ ताठ केली, आणि गाणं संपेपर्यंत दोन्ही हात जोडून बसून राहिले.