कारु म्हणजे कार

ओसाकाला नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका जपानी सहकाऱ्याने त्याला सांगितलं, की सुट्टीत आम्ही ज्या उंच डोंगरावर जाणार होतो, तिथे जंगलातून चढत गेलात की वर 'कारु' आहे. जपानी लोक इंग्रजी शब्दाला शेवटी उ जोडतात, हे एव्हाना आम्हाला पाठ होतं. हॉटेलचं होतेरु, बिअरचं बीरु. तेव्हा कारु म्हणजे कार, असा निकाल नवऱ्याने देऊन टाकला. "फक्त चढायचंय. उतरायला गाडी आहे."

त्या भरवशावर मी दशम्यांचा भलामोठा डबा घेतला. जंगल दाट, वाटेत मुळंच मुळं, माणूस औषधालाही नाही. इथे गाडी येते कुठून, असं मी दर वळणावर विचारत होते. "जपान आहे हे. बोगदा असेल," तो म्हणायचा.

झाडं संपली आणि समोर तिन्ही बाजूंनी कडे असलेली प्रचंड परात उघडली. भर जुलैत तिच्यात बर्फ साचलेला, त्यावरून गार वारा येत होता. तिथे एक जपानी आजी बसल्या होत्या. नवऱ्याने त्यांना अदबीने विचारलं, कारु कुठे मिळेल? आजींनी हात फिरवून ती अख्खी परातच दाखवली. पूर्वी इथे बर्फाची नदी होती, तिने डोंगर असा कोरला, त्यालाच कारु म्हणतात, असं त्यांनी समजावलं.

नवऱ्याचा चेहरा पाहून मला हसू आवरेना. मी दगडावर बसून डबा उघडला.

"ये, बस गाडीत," मी म्हटलं. "एसी चालू आहे."