फुकट मिळालेला रणगाडा

माझे वडील, अप्पा, सैन्यात रणगाडा चालवत. मला रणगाड्यांच्या लढाईचा खेळ मोबाइलवर फुकट मिळाला. अनोळखी साथीदारांबरोबर अनोळखी शत्रूंशी लढायचं. चांगला रणगाडा हाती यायला महिने लागतात आणि नवख्या माणसाचा क्षणात धुव्वा उडतो. तरी तो खेळ सुटत नाही, कारण हरल्यावर लगेच दुसरी लढाई तयार असते.

रविवारी दुपारी अप्पा माझ्यामागे उभे राहून बघत होते.

"टेकडीच्या माथ्यावर जाऊ नकोस, उघडी पडशील," ते म्हणाले.

मी गेलेच. कुठूनसा गोळा आला आणि माझा रणगाडा पेटला.

"माणसं बाहेर पडली का?" अप्पांनी विचारलं.

"यात माणसं नसतात, अप्पा."

ते पडद्यावरच्या धुराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी उडी मारली तेव्हा दोघं आतच राहिले. त्यांच्या बाजूचं झाकण अडकलं होतं. ते आतून ठोकत होते."

इतक्या वर्षांत हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. मी मागे वळायला हवं होतं. पण पुढच्या लढाईला दहा सेकंद उरले होते, आणि मी ते उतरते आकडे बघत बसले.