कर्ता चुकला

बिबवेवाडीत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत घर. कापड आखायला माझ्याकडे एक सागवानी पट्टी होती, दोन फुटी, कडेला पितळ ठोकलेली. त्या पट्टीने मी माझ्या मुलीला मारलं. आज हे वाक्य सरळ लिहिता येतं, तेव्हा येत नव्हतं.

ती अकरा वर्षांची होती. गिऱ्हाईकाच्या रेशमी कापडावर तिने शाई सांडली. "डोळे फुटले का गं तुझे?" म्हणत मी पट्टी फिरवली, ती थेट तिच्या चष्म्यावर बसली. काच फुटली, भुवई फाटली, शाईच्या डागाशेजारी रक्ताचा डाग पडला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "मशीनच्या कोपऱ्याला लागलं." डॉक्टरांनी तीन टाके घातले. टाके अगदी सुबक, एकसारखे पडलेत, हे माझ्या लक्षात आलं आणि मला स्वतःचीच किळस आली.

माझा नवरा कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशीही चढवला नाही. एवढंच म्हणाला, "पुन्हा हिला मारलंस, तर हिला ताईकडे नेऊन ठेवीन. कायमची." ताई म्हणजे माझी नणंद, लोणी काळभोरला राहते. नवरा बोलतो ते करतो, हे लग्नाच्या पंधरा वर्षांत मला पुरतं कळलंय.

मग मी वस्तू फोडायला लागले. राग काही कुठे गेला नव्हता. लहानपणी आमच्या आईचं लाटणं पोळ्यांपेक्षा आमच्या पाठीवर जास्त चालायचं, तोच राग माझ्यात उतरला असणार. कप फोडले, आरसा फोडला. एकदा गरम इस्त्री भिरकावली, ती दारात आलेल्या एका तरुणीच्या पायाशी आदळली. आयटीतली मुलगी, ब्लाऊज न्यायला आली होती. वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक. तिने शांतपणे इस्त्री उचलून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "काकू, मीपण अशीच होते." पुढच्या खेपेला तिने टॅरोची पानं आणून दिली, भविष्य सांगायचे ते चित्रांचे पत्ते.

"भविष्य बघायला मला वेळ नाही," मी म्हणाले. "ब्लाऊज मंगळवारी मिळेल, एवढंच भविष्य मी सांगते. तेसुद्धा खोटं ठरतं."

"भविष्य नाहीच बघायचं. रोज एक पान काढायचं, चित्राकडे बघायचं आणि जे आठवेल त्याने वहीचं एक पान भरायचं. बास."

थेरं आहेत झालं, असं मनात म्हणत मी दुपारी दुकानाचं शटर ओढून बसले. पहिल्याच दिवशी काय निघावं? एक माणूस पालथा पडलाय आणि पाठीत दहा तलवारी. मी लिहिलं, 'एवढ्या कशाला? एक पुरली असती.' मग लाटणं आठवलं. आईने मला मोरीत कोंडून मारलं होतं ते आठवलं आणि पान कधी भरलं कळलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या चित्रात बुरुजावर वीज पडून माणसं डोक्यावर कोसळत होती. त्या दिवशी शाईची हकिकत लिहिली. एका पानावर एक बाई सिंहाचा जबडा धरून उभी होती. मी लिहिलं, 'आता फाडणार.' महिन्याभराने तेच पान पुन्हा निघालं, तेव्हा वाटलं, ही फाडत नसेल, मिटत असेल. चार महिने मी कुणाला मारलं नाही की काही फोडलं नाही. सुधारले की मी, असं वाटून स्वतःवरच खूश होते.

एका दुपारी मशीनच्या खणातून वही काढली, तर पानापानावर लाल शाई. 'माझा हात सुटला', 'हात उठला', 'तिला पट्टी लागली' अशी जिथे जिथे वाक्यं होती, तिथे खाली रेघ मारून बाजूला शाळेतल्या बाईंसारख्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'कर्ता चुकला. अर्धा गुण वजा.' शेवटच्या पानावर एकूण गुण शून्य. पोरीच्या शाळेत तेव्हा कर्ता आणि कर्म शिकवत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी वही वाचते? मला गुण देते? पट्टी हातात कधी आली कळलंच नाही, असं आधी लिहिणार होते. खोटं आहे ते. पट्टी मी उचलली, घट्ट धरली आणि तिला फोडून काढायला आत गेले.

ती टेबलाशी गृहपाठ करत होती. मला बघून ओरडली नाही, पळाली नाही. तिने चष्मा काढला, घडी घातली, भिंतीच्या बाजूला, हात पोचणार नाही असा सरकवून ठेवला. मग डोळे मिटून बसली.

मी पट्टी टेबलावर हाणली. पुन्हा हाणली. पितळी कड निखळून उडाली तरी हाणत राहिले आणि दमल्यावर जमिनीवरच बसले.

"चष्मा का काढलास?" मी विचारलं.

"नवीन आहे," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. तिचाच लाल पेन घेऊन मी शून्याखाली लिहिलं, 'मी मारलं. पट्टीने मारलं. हिची भुवई मी फोडली.' वही तिच्यापुढे सरकवली. चष्मा नसल्यामुळे तिने ती नाकाशी धरून वाचली.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी नवरा आल्या आल्या मी सांगून टाकलं, "अहो, आज मी हिच्यावर पट्टी उचलली." तो माझ्याकडे बघेचना. मुलीला म्हणाला, "बॅग भर बाळा. आत्याकडे जाऊ."  नको म्हणायचा हक्क मला नव्हता.

पोरीने चष्मा नाकावर वर सरकवला. "मी कशाला जाऊ?" ती म्हणाली. "पट्टीला पाठवा."

रविवारी नवऱ्याने स्वारगेटहून बस धरली आणि पट्टी खरंच लोणीला पोचवली. नणंद ती खिडकीला अडसर म्हणून लावते. मी आता टेपने आखते, रेघ थोडी वाकडी येते. रोज दुपारी पान काढते, लिहिते, आणि पोरगी मागेल तेव्हा वही तपासायला देते. पण अजूनही माझा आवाज जरा चढला की तिचा हात चष्म्याकडे जातो. या वाक्यात कर्ता 'हात' आहे. तो हात तिकडे नेणारा खरा कर्ता कोण, ते मला तिला विचारावं लागत नाही.