सुमनकाकूंच्या लग्नातला बँड

काल खालच्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं संपली, कुणीतरी 'वाजवा रे वाजवा' म्हणून ओरडलं आणि बँड दणाणला. माझ्या शेजारी बसलेल्या सुमनकाकूंनी डोळे मिटले. काकांनी त्यांचा हात हातात घेतला. सत्तरी उलटलेली ही जोडी! मला मेलीला गंमत वाटली.

"आमच्या लग्नात वाजलंच नाही गं," काकू जेवताना म्हणाल्या. "ज्यांचं भाषण ऐकायला माझे वडील कोसभर चालत जायचे, त्या पुढाऱ्यांना भर सभेत गोळ्या घातल्याची बातमी मुहूर्ताच्या जरा आधी रेडिओवर आली. भटजींनी मंगलाष्टकं हलक्या आवाजात म्हटली. बँडवाले वाद्यं मांडीवर घेऊन बसून राहिले."

त्या पुढाऱ्यांचा पुतळा आमच्या चौकातच आहे. रोज त्याला वळसा घालून मी भाजीला जाते. पण ती गोळी दूरच्या एका मांडवातही शिरली होती आणि पन्नास वर्षं तिथून हलली नव्हती, हे मला काल कळलं.

"अजून वाईट वाटतं, काकू?"

काकू मंगळसूत्राच्या वाट्या चाचपत राहिल्या. "न वाजल्याचं नाही वाटत. पण माझ्या गळ्यात हे पडलं त्याच दिवशी तिकडे त्यांच्या बायकोच्या गळ्यातलं उतरलं. मी तिला कधी पाहिलंही नाही. तरी कुठेही बँड वाजला की आधी तीच आठवते. यांना ठाऊक आहे ते. म्हणून हात धरतात."