खामगावचा दुपारचा खेळ

लग्न होऊन मी खामगावहून दुसरबीडला आले तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं होतं. आमचे हे गावातल्या शाळेत मास्तर. शुक्रवारी शाळा सुटली की शाळेच्याच वरांड्यात सतरंजी पडायची आणि महिला मंडळ भरायचं. मी मॅट्रिक झालेली म्हणून चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं. अध्यक्ष सासूबाई. त्यांना अध्यक्ष केलं नसतं तर निम्म्या बायकांना घरून कुणी सोडलंच नसतं.

मंडळात थोडं शिवण, थोडं भजन आणि मग गप्पा. गप्पांत मी नाटकं सांगायची. माझे वडील खामगावच्या एका जिनिंगमध्ये होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की गावात नाटक कंपन्या यायच्या आणि वडील मला प्रत्येक नाटकाला न्यायचे. त्यामुळे कितीतरी नाटकं मला तोंडपाठ होती. मी उभी राहून सगळ्यांची कामं करायची. राजाचं, राणीचं, चोराचंसुद्धा. आमच्या घरामागे राहणारी पिंजाऱ्याची बायको, तिला सगळ्या चाची म्हणत, ती तर रजईचं शिवण खाली ठेवून ऐकत बसायची. एकदा ती म्हणाली, "बाई, तू अकेली इतकं करती, तो असली नाटक कैसा रहता होगा?"

त्या दिवसापासून सगळ्यांच्या डोक्यात एकच. असली नाटक पाहायचं. पण नाटक म्हणजे खामगावला, आणि रात्रीचं. दुसरबीडच्या बायका रात्री खामगावला जाणार, हे बोलून दाखवायचीही सोय नव्हती.

त्यातच माझा स्वतःचा एक स्वार्थ होता. खामगाव म्हणजे माझं माहेर. सासूबाई मला छळत होत्या असं मुळीच नाही. पण माहेरी पाठवायचं म्हटलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. पंचमीला म्हणाल्या, शेतात निंदण सुरू आहे. दिवाळीला म्हणाल्या, कापूस घरात येऊन पडलाय. "पुढच्या महिन्यात पाहू," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. यांना विचारलं तर हे म्हणायचे, "आईला विचार." निदान नाटकाच्या निमित्ताने आई भेटेल, असं माझ्या मनात होतं.

एका बाजाराच्या दिवशी चाची आणि मी वांगी घेत होतो. तेवढ्यात भोंगा लावलेली एक जीप बाजारात शिरली. खामगावला मुक्कामाला आलेल्या नाटक कंपनीची ती जीप होती, जाहिराती वाटत फिरत होती. पुढे बैलगाड्या अडकल्या आणि जीप आमच्यासमोरच उभी राहिली. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भोंग्यावर बोलणाऱ्या माणसाला सरळ विचारलं, "तुम्ही दिवसा खेळ लावता का हो?"

तो पुण्याकडचा होता. हसला. "दिवसा सिनेमा असतो बाई. नाटक रात्रीच."

"रात्री आम्हाला येता येत नाही. दुपारी लावा, फक्त बायकांसाठी."

"आणि येणार कोण?"

मी काही बोलायच्या आत बुरख्याआडून चाची म्हणाली, "तुम्हारी कुर्सियाँ कम पडेंगी! बोलो जाके मालिक को!"

सगळा बाजार आमच्याकडे बघत होता. वांगी विकणाऱ्या बाईने तर तराजू हातात धरूनच ठेवला होता.

काही दिवसांनी खामगावच्या एसटीचा कंडक्टर निरोप घेऊन शाळेत आला. मालक तयार होता. अट एकच, थेटर भरलं पाहिजे. बढाई मारून झाली होती, आता बायका आणायच्या कुठून?

जवळच्या बीबी गावची नर्सबाई माझ्या ओळखीची होती. ती घरोघर लहान मुलांना टोचायला जायची. मुलाला टोचता टोचता तिने आईला नाटकाचं आमंत्रण द्यायला सुरुवात केली. मेहकरला तिच्या बहिणीने महिला मंडळ गोळा केलं. खामगावात माझ्या आईने आपली आळी उठवली. राहिल्या होत्या फक्त आमच्या अध्यक्ष.

"नाटक?" सासूबाई म्हणाल्या. "काऊन? घरात नाटकं कमी हायेत का?"

"दिवसाचं आहे, आत्याबाई. आणि सगळ्या बायकाच."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मंग मी बी येतो. तुमच्यावर कोणी तरी ध्यान ठेवाले पाह्यजे."

पौषातल्या थंडीत, उजाडता उजाडता आमची ठरवलेली एसटी निघाली. बीबीच्या बायका रस्त्यावर शेकोटी करून बसल्या होत्या, त्या चढल्या. मेहकरला तर उभं राहायलाही जागा उरली नाही. भाकरी, ठेचा, तिळाचे लाडू यांच्या फडक्यांनी गाडी भरून गेली. ड्रायव्हर आणि कंडक्टर हे दोनच पुरुष. कंडक्टर बिचारा दारात अंग चोरून उभा होता. सासूबाई सगळ्यांत पुढे, ड्रायव्हरच्या पाठीशी. "हळू हाक रे बापू," दर वळणावर सांगायच्या, "लेकीबाळी हायेत मांगं."

थेटरपाशी आई वाट पाहत उभी होती. मला पाहताच तिने माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. बोलायला वेळच नव्हता. आत सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या आणि बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. जीपमधला तो माणूस दारात डोक्याला हात लावून हसत होता. उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांना काळे पडदे लावले होते, पण वरच्या पत्र्याला भोकं होती. त्यातून उन्हाचे कवडसे रंगमंचावर पडत होते. पात्रं इकडून तिकडे गेली की त्यांच्या शालूंवर ते कवडसे चमकायचे आणि लहान पोरं पकडायला हात पुढे करायची.

नाटक घरगुती होतं. एक खाष्ट सासू, एक गरीब सून. सुरुवातीला आमच्या सासूबाई पहिल्या रांगेत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. हळूहळू मान वळली. मग पदर खांद्यावर आला. दुसऱ्या अंकात सुनेचे वडील आजारी असल्याची तार येते आणि ती रडत माहेरी जायची परवानगी मागते. रंगमंचावरची सासू म्हणाली, "तुझ्या माहेरी कुणीतरी नेहमी आजारीच असतं! कुठे जायचं नाही."

आमच्या सासूबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"अवो, जाऊ द्या ना तिले! बाप बिमार हाये तिचा!"

सगळं थेटर हसलं. ती नटी मात्र मुरलेली होती. ती सरळ पुढे आली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "मोठ्या आल्या सांगणाऱ्या! तुम्ही पाठवता का हो तुमच्या सुनेला माहेरी?"

दुसरबीडच्या सगळ्या बायकांना खरं काय ते ठाऊक होतं. त्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. शेजारी बसलेल्या आईने माझं मनगट घट्ट धरलं. मला वाटलं, जमिनीने आता पोटात घ्यावं. घरी गेल्यावर काय होणार, हाच विचार डोक्यात.

सासूबाईंनी पदर कमरेला खोचला.

"पाठवतो!" त्या कडाडल्या. "आजच पाठवतो! इथंच हाये तिचं माहेर, इथंच ठेवून जातो तिले!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की झोपलेली पोरं उठून रडायला लागली. नर्सबाई मागून ओरडली, "शाब्बास, आजी!" नटी आपलं पुढचं वाक्यच विसरली. "मग आता मलाही पाठवावंच लागेल," ती म्हणाली, आणि विंगेतून प्रॉम्प्टरचा घाबरलेला आवाज सगळ्यांना ऐकू आला, "नाही, नाही! पाठवायचं नाही! नाटक संपेल!"

मध्यंतरात सासूबाई दिसेनात. मी शोधत आत गेले तर त्या पडद्यामागे एका ट्रंकेवर बसलेल्या, आणि ती खाष्ट सासू शेजारी चहा पीत. तिचे पाय सुजलेले, म्हणून चपला काढून ठेवलेल्या. तिची खरी सूनच तिचं घर सांभाळायची म्हणे, ही वर्षातले कितीतरी महिने गावोगाव. सासूबाईंनी तिला तिळाचा लाडू दिला. "रंगमंचावर लई खराब हायेस तू," त्या कौतुकाने म्हणाल्या.

खेळ संपल्यावर मी एसटीत चढायला गेले तर सासूबाईंनी दारातच अडवलं. "तू कुठं चालली? बोललो ना मी सगळ्यांसमोर?"

"पण आत्याबाई, या सगळ्यांना परत कोण नेणार?"

"मी अध्यक्ष हाओ का नाही?"

आणि गाडी निघाली. ज्या सहलीसाठी मी एवढी धावपळ केली, ती मला रस्त्यावर ठेवून परत गेली. अंगावरच्या लुगड्याशिवाय माझ्याजवळ काही नव्हतं. मी आणि आई घरापर्यंत हसतच चालत गेलो. दारात वडील उभे होते. मला बघून म्हणाले, "राहणार आहेस?" मी हो म्हटलं, तर ते तसेच वळून बाजारात जिलबी आणायला गेले.

आठवडाभर राहून मी परतले. चाचीने सांगितलं की परतीच्या वाटेवर सासूबाईंनी सबंध गाडीला नाटक पुन्हा करून दाखवलं, सगळ्यांच्या आवाजात, आणि ड्रायव्हरने मेहकरच्या पुढे गाडी मुद्दाम हळू चालवली. आम्ही गेलो त्या दिवशी घरात यांनी भाकरी करपवून पातेलीही काळी करून ठेवली होती. पुढच्या हंगामात कुठलं नाटक पाहायचं, हे मात्र मला न विचारताच ठरलं होतं.

त्यानंतर दरवर्षी जाणं झालं. तिसऱ्या वर्षी गावातल्या पुरुषांनीच अर्ज केला, आम्हालाही न्या म्हणून. स्वतः सरपंच विचारायला आले. सासूबाईंनी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "मांगच्या बाकावर बसा. अन् रडणारं लेकरू ज्याच्या मांडीवर दिलं, त्यानं ते सांभाळाचं."

सरपंचांनी ते कबूल केलं. त्या वर्षीच्या नाटकाचा सगळा दुसरा अंक त्यांनी थेटरच्या बाहेर, कुणाचं तरी लेकरू खांद्यावर थोपटत काढला. मधूनमधून दाराच्या पडद्यातून डोकं आत घालायचे आणि दाराशी बसलेल्या चाचीला हळूच विचारायचे, "आता काय झालं वो?"