धन-ऋण बाई

आमच्या पदार्थविज्ञानाच्या बाई कधी उत्तर सांगत नसत, आणि त्याचा मला भयंकर राग यायचा. कर्वेनगरच्या त्या क्लासमध्ये आम्ही सगळे इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी धावत होतो. घरोघरी कॉम्प्युटर आणि अमेरिका यांच्याच गप्पा. आणि बाई एका चेंडूवर अख्खी संध्याकाळ घालवायच्या.

दीडशे ग्रॅमचा चेंडू सेकंदाला वीस मीटर वेगाने येतो. बॅट त्याला सहा न्यूटन-सेकंदांचा आवेग, म्हणजे धक्का, देऊन परत पाठवते. जाताना वेग किती? संवेगात, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगात, तेवढाच बदल होतो; सहाला ०.१५ किलोने भागलं, म्हणजे वेग चाळीसने बदलला. मी वीसमध्ये चाळीस मिळवले. साठ.

"ताशी दोनशे सोळा किलोमीटर," बाई शांतपणे म्हणाल्या. "बॅटला इंजिन बसवलंय का? पुन्हा कर."

"चुकलं कुठे, ते तरी सांगा ना बाई."

"चेंडू येतो कुठून, जातो कुठे? धन कुठलं, ऋण कुठलं? आधी ते ठरव."

आम्ही त्यांना धन-ऋण बाईच म्हणायचो. पालकांच्या तक्रारी गेल्या. एकदा क्लासचे मालक भर वर्गात येऊन म्हणाले, "मॅडम, सूत्र द्या आणि पुढे चला. परीक्षेत दिशा कोण विचारतं?"

"उत्तर विचारतात ना? ते दिशेशिवाय येत नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या जागी एक तरुण सर आले. ते भराभर युक्त्या द्यायचे. माझी उत्तरं मात्र चुकतच राहिली. शेवटी चिडून मी बस पकडली आणि येरवड्याला बाईंच्या घरी गेले. त्यांनी चहा ठेवला, पाटी पुढे केली. "बाण काढ."

येणाऱ्या चेंडूचा बाण डावीकडे काढला, बॅटच्या धक्क्याचा उजवीकडे. उणे वीस अधिक चाळीस. वीस. तेवढ्याच वेगाने, उलट दिशेला.

"बॅट शहाणी झाली," बाई म्हणाल्या. त्यानंतर परीक्षेपर्यंत दर रविवारी मी जात राहिले.

निकाल लागला, तेव्हा क्लासने चौकात माझा फोटो लावला. खाली त्या तरुण सरांचं नाव. मी तणतणत मालकांकडे गेले. "अगं, वर्षाच्या शेवटी जो शिकवत असतो, त्याचंच नाव लागतं," म्हणून त्यांनी मला पेढा दिला. तो तिथेच ठेवून मी येरवडा गाठलं. दाराला कुलूप होतं.

"बाई नागपूरला भावाकडे गेल्या, कायमच्या," शेजारच्या काकू म्हणाल्या. "तुझा फोटो बघितला होता त्यांनी. मार्क किती पडले, ते नाही विचारलं. पोरीने स्वतः सोडवलं असेल का, एवढंच म्हणत होत्या."

पत्ता काकूंकडेही नव्हता.